एन्झाइमचं जनुक शांत करताना: अँटीसेन्स ऑलिगो डिझाइनचा माझा अनुभव

अँटीसेन्स म्हणजे जनुकाचा संदेश नेणाऱ्या एमआरएनएला चिकटून ते जनुक शांत करणारा छोटा कृत्रिम तुकडा, ज्याला ऑलिगो म्हणतात. त्यावर वाचायला बसलं की दोनच गोष्टी हाती लागतात. एक तर पाठ्यपुस्तकातली अर्ध्या पानाची आकृती, ज्यात एक छोटा तुकडा एमआरएनएवर जाऊन बसतो आणि काम फत्ते होतं. नाहीतर शोधनिबंधातलं एखादं वाक्य, की अमुक इतके ऑलिगो तपासले आणि त्यातला हा निवडला. मधलं सगळं, म्हणजे निवड कशाच्या आधारावर करायची, परवानग्या कोणत्या लागतात, पैसा कुठे जातो, आकडा खाली आला तर त्यावर विश्वास कधी ठेवायचा, हे सहसा कुणी लिहीत नाही. माझ्या पीएचडीचा हा विषय होता आणि प्रबंध नुकताच जमा केला आहे. या कामाला नव्याने लागणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून घडलं त्या क्रमाने लिहिते.

२०२१च्या सुरुवातीला विषय ठरला: लाफोरा रोगासाठी ग्लायकोजेन सिंथेस या एन्झाइमचं जनुक, जीवायएस१, शांत करणारा ऑलिगो शोधायचा. लाफोरा हा दुर्मिळ, आनुवंशिक अपस्मार. धडधाकट मुलांना साधारण कुमारवयात झटके सुरू होतात, मग अंग सारखं दचकायला लागतं, बोलणं, चालणं, स्मृती ढासळत जाते, आणि बहुतेकदा दहाएक वर्षांत सगळं संपतं. गोंसालो लाफोरा यांनी १९११ मध्ये या रोगातल्या चेतापेशींमधले गोळे वर्णन करून ठेवले होते. हे गोळे म्हणजे नीट फांद्या न फुटलेलं, न विरघळणारं ग्लायकोजेन. मूळ दोष असतो लाफोरिन किंवा मॅलिन या प्रथिनांच्या जनुकांत. ती जनुकं अनुक्रमे १९९८ आणि २००३ मध्ये सापडली.

हरवलेलं प्रथिन मेंदूभर पुन्हा पोचवणं फार अवघड. पण ग्लायकोजेनची साखळी लांबवणारं एन्झाइम या रुग्णांत शाबूत असतं. नळ वाहत असताना फरशी पुसत बसण्यापेक्षा तोटी आवळावी, असा हा विचार. तो माझा नाही. उंदरांमध्ये ग्लायकोजेन सिंथेस कमी केलं की गोळे कमी होतात, हे वेगवेगळ्या गटांनी आधीच दाखवलं होतं आणि अँटीसेन्सचा मार्गही सुचवला होता. मला मानवी जनुकावर चालणारा, सुरक्षित वाटेल असा सीक्वेन्स, म्हणजे ऑलिगोचा अक्षरक्रम, हवा होता.

पहिले काही आठवडे मी एकही सीक्वेन्स काढला नाही. फक्त ‘किती कमी करायचं’ या प्रश्नावर वाचत होते, आणि तो वेळ सर्वांत सार्थकी लागला असं आज वाटतं. जीवायएस१ जन्मतःच पूर्ण बंद असलेली मुलं जगात आहेत. त्यांच्या स्नायूंत आणि हृदयात ग्लायकोजेन साठत नाही, श्रम झेपत नाहीत, हृदयाचा स्नायू आजारी पडतो. उलट, दोनपैकी एकच प्रत चालू असलेली माणसं सहसा निरोगी असतात. म्हणजे मेंदूत हे एन्झाइम निम्म्याच्या आसपास आणायचं, शून्यावर नाही. शिवाय यकृतात याचंच भावंड आहे, जीवायएस२. त्याला धक्का लागला तर उपाशीपोटी रक्तातली साखर घसरते. वहीच्या पहिल्या पानावर या दोन अटी लिहिल्या आणि पुढचा प्रत्येक निर्णय त्यांवर तपासून घेतला. तुमचं एन्झाइम कोणतंही असो, ते जन्मतः नसलेल्या माणसांचं काय होतं हे आधी शोधा. जनुक शांत करण्याचा धोका त्याहून स्पष्टपणे दुसरं काहीच सांगत नाही.

याच सुमारास, मार्च २०२१ मध्ये, हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजारासाठीच्या टोमिनर्सेन या अँटीसेन्स औषधाच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीतले डोस थांबवल्याची बातमी आली. लॅबमध्ये त्या दिवशी कुणी फारसं बोललं नाही. लक्ष्याचं प्रथिन खाली आलं म्हणजे माणूस बरा होतोच असं नाही, हे माहीत असणं वेगळं आणि विषय निवडल्यावर महिन्या-दोन महिन्यांत ते समोर येणं वेगळं. आमच्या मॅडम एवढंच म्हणाल्या, “मग आपण डोसचा अभ्यास जास्त नीट करू.”

अर्जांचं आधी सांगते, कारण त्यांचीच वाट सर्वांत जास्त पाहावी लागते. रुग्णांच्या त्वचेच्या पेशी लागणार होत्या, म्हणून नैतिकता समितीची परवानगी. पेशी दुसऱ्या संस्थेकडून येणार, म्हणून दोन्ही संस्थांमध्ये साहित्य हस्तांतरणाचा करार. पेशींवरच्या कामासाठी जैवसुरक्षा समिती. उंदरांसाठी प्राणी-नैतिकता समिती वेगळी. यातल्या दोन समित्या दर महिन्याला बसत नाहीत. बैठकीची तारीख चुकली की पुढच्या बैठकीपर्यंत फाइल तशीच राहते. म्हणून डिझाइन पूर्ण होण्याची वाट न पाहता अर्ज करा. समितीला नेमका सीक्वेन्स लागत नाही. रसायनाचा प्रकार, डोसची मर्यादा, विल्हेवाट आणि जोखीम लागते. हस्तांतरणाचा करार सर्वांत जास्त रेंगाळला. त्यातल्या एका कलमानुसार पेशींवरून निघालेल्या कोणत्याही शोधावर देणाऱ्या संस्थेचा हक्क राहणार होता, आणि दोन्हीकडच्या विधी विभागांत त्यावर कित्येक महिने पत्रव्यवहार चालला. करार हाती आला की आधी बौद्धिक संपदेचं कलम वाचा आणि आपल्या विधी विभागात त्याच दिवशी पोचवा.

परवानग्यांची वाट पाहताना संगणकावरचं काम केलं. रचना ठरली होती: वीस न्यूक्लिओटाइडचा, म्हणजे वीस अक्षरांचा, ५-१०-५ गॅपमर. मधली दहा एककं डीएनएची, दोन्ही टोकांना एमओई या बदललेल्या शर्करेची पाच-पाच. मधला डीएनएचा पट्टा आरएनएशी जुळला की पेशीतलंच आरनेझ एच१ हे एन्झाइम येतं आणि आरएनए तोडतं. टोकं ऑलिगोला धरून ठेवतात आणि पेशीतल्या कात्र्यांपासून वाचवतात. एएलएस या चेतापेशींच्या आजारासाठीच्या, एसओडी१ जनुकावरच्या टोफर्सेन या औषधाची रचनाही हीच, त्यामुळे मज्जारज्जूच्या द्रवात ती कशी वागते याबद्दल वाचायला पुष्कळ होतं.

वीस का, सोळा का नाही, हा प्रश्न मला समितीपासून प्रबंधाच्या परीक्षेपर्यंत सगळीकडे विचारला गेला. चार अक्षरांचे वीस लांबीचे सीक्वेन्स सुमारे १.१ लाख कोटी होतात, सोळा लांबीचे सुमारे ४२९ कोटी. मानवी जीनोम साधारण ३०० कोटी अक्षरांचा. सोळाच्या तुकड्याला योगायोगाने जुळणारी जागा सापडण्याची शक्यता त्यामुळे बरीच जास्त. सोळाचेही उत्तम ऑलिगो आहेत, पण तिथे ऑफ-टार्गेटची, म्हणजे नको त्या जनुकावर जाऊन बसण्याची, छाननी कडक लागते.

छाननीत एक गोष्ट नव्या लोकांच्या नजरेतून निसटते. आरनेझ एच१ केंद्रकातही काम करतं, म्हणून शोध फक्त तयार एमआरएनएमध्ये घेऊन भागत नाही; नंतर कापून टाकल्या जाणाऱ्या इंट्रॉन भागांसकट संपूर्ण प्री-एमआरएनए, म्हणजे कच्चा एमआरएनए, तपासावा लागतो, आपल्या लक्ष्याचाही आणि इतर सर्व जनुकांचाही. मी पूर्ण जुळणाऱ्या, एक अक्षर चुकणाऱ्या आणि दोन अक्षरं चुकणाऱ्या जागांच्या याद्या वेगवेगळ्या काढल्या आणि त्यातली मेंदूत व्यक्त होणारी जनुकं बाजूला काढून वाचली. मग चाळण्या: जीवायएस२शी साम्य असलेले बाद. सलग चार जी असलेले बाद, कारण ते आपसात गुंफून चौपदरी रचना करतात. सीजी जोडी शक्यतो टाळली, आणि सगळीकडे साध्या सायटोसिनऐवजी मिथाइल सायटोसिन घेतलं, कारण टीएलआर९ हा प्रतिकारशक्तीचा ग्राहक सीजी ओळखतो. लोकसंख्येत जिथे अक्षरबदल सर्रास आढळतो अशा जागा नोमॅड या खुल्या संग्रहातून पाहून वगळल्या. आरएनएच्या घडीचा अंदाज देणारी साधनं वापरली, पण त्यांच्या भरवशावर कोणताही सीक्वेन्स बाद केला नाही. पेशीतला आरएनए प्रथिनांनी मढलेला असतो. उघडी जागा कोणती हे प्रयोगच सांगतो. शेवटी चाळीसेक उमेदवार उरले.

मग खरेदी. एमओई ऑलिगो साध्या पीसीआर प्राइमरपेक्षा (पीसीआरमध्ये प्रत काढायला सुरुवात करून देणाऱ्या तुकड्यापेक्षा) कित्येक पटींनी महाग पडतो आणि तो बनवणारे पुरवठादार मोजके, त्यामुळे खरेदी विभागाने ‘एकाच पुरवठादाराकडून का’ याचं लेखी समर्थन मागितलं. ते पत्र एकदा नीट लिहून ठेवा: रसायनाचा प्रकार, किती पुरवठादारांना विचारलं, कोणाचा नकार आला. पहिल्या फेरीसाठी सर्वांत लहान प्रमाण घ्या, पण सोडियम क्षाराच्या रूपातच मागवा; संश्लेषणातलं अमोनियम उरलं तर पेशी त्यानेच आजारी दिसतात. एचपीएलसीने (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या पद्धतीने) शुद्ध केलेला माल फक्त निवडून उरलेल्यांसाठी. चाळीस ऑलिगो एकदम उच्च शुद्धतेत मागवले असते तर वर्षाचं अनुदान तिथेच संपलं असतं.

पेट्या आल्या, आणि दर्जाचा अहवाल पाहून पोटात गोळा आला. एचपीएलसीचं शिखर टोकदार येण्याऐवजी पसरट टेकाड आलं होतं. याचं कारण रसायनात आहे. कण्यातल्या एकोणीस जोडांपैकी पंधरांवर आम्ही ऑक्सिजनच्या जागी सल्फर घेतला होता. असा प्रत्येक जोड उजवा किंवा डावा असू शकतो, म्हणजे एकाच सीक्वेन्सची ३२,७६८ त्रिमितीय रूपं एका कुपीत असतात. शिखर पसरणारच. शुद्धता पाहायची तर वस्तुमानाचा आलेख पाहा: एक अख्खं एकक कमी पडलेला तुकडा किती आहे, आणि अपेक्षित वस्तुमानाच्या १६ डाल्टन खाली काही दिसतं का. ते १६ म्हणजे सल्फरच्या जागी ऑक्सिजनच राहिल्याची खूण.

पहिली फेरी २०२२च्या पूर्वार्धात झाली. पेशींत लिपिड वापरून ऑलिगो शिरवता येतो, तेव्हा नॅनोमोलर मात्रा पुरते. किंवा काहीही न वापरता नुसता माध्यमात सोडायचा आणि पेशींनी तो आपणहून घ्यायची वाट पाहायची; याला मायक्रोमोलर मात्रा आणि जास्त दिवस लागतात. दुसऱ्या पद्धतीचे निकाल शरीरातल्या वागण्याच्या जास्त जवळचे असतात, म्हणून मी निवड तिच्यावर केली. सोबत मॅलॅट१ या आरएनएवरचा ऑलिगो सकारात्मक कंट्रोल म्हणून कायम ठेवला. तो चालला नाही तर त्या दिवशीची प्लेटच ग्राह्य धरायची नाही, एवढा सरळ नियम.

आता पीसीआर. या कामातला सर्वांत निसरडा भाग हाच, म्हणून इथे जरा थांबते. आरटी-क्यूपीसीआरमध्ये आरएनएची आधी डीएनए प्रत काढतात (उलट प्रतिलेखन) आणि ती चक्रागणिक दुप्पट करत मोजतात. सिग्नल दोन चक्रं उशिरा आला की आरएनए पाव राहिला, म्हणजे ७५ टक्के घट. माझ्या प्लेटवर एक ऑलिगो चार चक्रांहून जास्त घट दाखवत होता. बाकीचे चांगले म्हणावेत असे दीड-दोनवर. आनंद व्हायला हवा होता, पण मॅडमनी विचारलं, “याची बसायची जागा आणि तुझे प्राइमर कुठे कुठे आहेत?” दोन्ही एकाच पट्ट्यात होते. पेशींतून आरएनए काढताना ऑलिगोही सोबत येतो. त्याची पकड इतकी घट्ट असते की उलट प्रतिलेखनात आणि पीसीआरमध्ये तोच वाट अडवतो. मग आरएनए पेशीत शाबूत असला तरी तुमच्या नळीत घट दिसते.

हे ओळखायची सोपी चाचणी आहे. काहीच न दिलेल्या पेशींचा आरएनए घ्या, उलट प्रतिलेखनाच्या आधी त्यात थोडा ऑलिगो मिसळा आणि नेहमीसारखा पीसीआर करा. सिग्नल पडला तर ती घट पेशीतली नव्हे. आमच्या त्या ऑलिगोचा सिग्नल असाच पडला. त्यानंतर प्रत्येक उमेदवारासाठी दोन प्राइमर जोड्या ठेवल्या, एक बसायच्या जागेच्या अलीकडे आणि एक पलीकडे, दोन्ही पुरेशा लांब. दोन का? आरएनए तुटल्यावर दोन्ही तुकडे एकाच वेगाने नष्ट होत नाहीत. एका बाजूचा तुकडा रेंगाळला तर एकट्या जोडीवरून घट कमी भासते. दोन्ही जोड्यांचा आकडा जवळपास आला की मगच तो वहीत पक्क्या शाईने.

त्या चार चक्रांच्या ऑलिगोला मी मनातल्या मनात नावही देऊन ठेवलं होतं. दोन्ही जोड्यांवर तो पुन्हा मोजला तेव्हा मधल्या फळीतला निघाला. वाईट वाटलं, पण सहा महिन्यांनी कळण्यापेक्षा हे बरं.

डोस वाढवत नेऊन वक्र काढल्यावर सहा ऑलिगो उरले. त्यांची विषाक्तता तपासली, त्यात दोन गेले: घट उत्तम होती, पण कास्पेज, म्हणजे पेशी मरू लागल्याची खूण असलेलं एन्झाइम, चढलं होतं. सल्फरचा कणा प्रथिनांना चिकटतो आणि काही सीक्वेन्स केंद्रकातल्या प्रथिनांची जागाच हलवतात. गॅपमधल्या (मधल्या डीएनए पट्ट्यातल्या) दुसऱ्या जागी एक ओ-मिथाइल एकक घातलं तर हे बरंच कमी होऊ शकतं, असं २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं होतं. आम्ही गेलेल्या दोघांपैकी एकावर ते करून पाहिलं आणि तो परत यादीत आला, थोडी ताकद गमावून.

रुग्णांच्या पेशी मिळायला तोवर २०२२ संपत आलं. नव्या कुटुंबांच्या संमतीच्या वेळी मी तिथल्या डॉक्टरांसोबत बसले होते. संमतीपत्रात एक वाक्य ठळक छापावंच लागतं: या संशोधनाचा तुमच्या मुलाला थेट फायदा होण्याची शक्यता नाही. एक वडील तिथे बराच वेळ थांबले. मग त्यांनी विचारलं, “मॅडम, या पेशी किती दिवस टिकतात?” मी सांगितलं की द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवल्या की वर्षानुवर्षं. त्यांनी मान हलवली आणि सही केली. संमतीपत्र लिहिणाऱ्यांना एवढंच सांगते की ‘पेशी कुठे, किती काळ, कुणाच्या ताब्यात राहणार’ हा परिच्छेद तळटीप असल्यासारखा लिहू नका. सही करणारा माणूस तोच वाचत असतो.

प्रथिनाचा निकाल वेगळ्याच गतीने येतो. आरएनए एका दिवसात खाली गेला तरी आधी बनलेलं एन्झाइम पेशीत टिकून असतं. प्रथिन पट्टीच्या रूपात दाखवणाऱ्या पहिल्या वेस्टर्न ब्लॉटवर ८४ किलोडाल्टनच्या जवळची पट्टी जशीच्या तशी होती. धीर धरून पेशी जास्त दिवस वाढवल्या, मध्ये एकदा ऑलिगो पुन्हा दिला, तेव्हा ती पट्टी डोसागणिक फिकी होत गेलेली दिसली: डावीकडून उजवीकडे काळी, करडी, मग शोधावी लागेल इतकी पुसट. खालची, तुलनेसाठी घेतलेल्या ट्युब्युलिन प्रथिनाची पट्टी मात्र सगळीकडे सारखी. तो फोटो मी घरी पाठवला. कुणाला काही कळलं नाही, तरी सगळ्यांना आनंद झाला.

पण एन्झाइमचं जनुक शांत केलं असं म्हणायचं तर क्रियाशीलता मोजायलाच हवी. ग्लायकोजेन सिंथेस ग्लुकोज-६-फॉस्फेटने चेततं. त्यामुळे प्रथिन निम्मं झालं तरी उरलेलं एन्झाइम जास्त जोमाने चालून हिशेब भरून काढेल, ही भीती होती. किरणोत्सारी यूडीपी-ग्लुकोज (एन्झाइमचा कच्चा माल) वापरून, ग्लुकोज-६-फॉस्फेट घालून आणि न घालता, अशी दोन्ही मोजणी करावी लागते. किरणोत्साराचा परवाना आमच्या विभागाकडे नव्हता. ज्यांच्याकडे होता त्यांच्या प्रयोगशाळेत प्रशिक्षण घेऊन, छातीवर डोसमापक लावून, त्यांच्या सवडीने काम केलं. एकूण क्रियाशीलता प्रथिनाबरोबरच खाली आली होती. भरपाई थोडी दिसली, पण परिणाम खोडण्याइतकी नाही. तीन वेगळ्या जागांवर बसणाऱ्या तीन ऑलिगोंनी हेच दाखवलं आणि तीच अक्षरं उलटसुलट लावलेल्या कंट्रोलने काहीच दाखवलं नाही, तेव्हा कुठे मी ‘हे जनुक शांत केल्यामुळे’ असं लिहायला धजावले. उलटसुलट कंट्रोलही जीनोमवर शोधून घ्या. तो चुकून दुसऱ्याच जनुकाला जुळत असेल तर सगळी तुलना वाया.

२५ एप्रिल २०२३ ला टोफर्सेनला अमेरिकेत त्वरित मंजुरी मिळाली. तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीत त्याचं मुख्य उद्दिष्ट २८ आठवड्यांत साधलं नव्हतं. मंजुरीचा आधार होता रक्तातल्या न्यूरोफिलामेंटची, म्हणजे चेतापेशींना इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाची, घट. आमच्यासाठी त्यातून थेट काम निघालं. उंदरांच्या प्रस्तावात मेंदूतल्या गोळ्यांच्या मोजणीसोबत न्यूरोफिलामेंटचं मोजमापही घातलं.

प्राणी-समितीने प्रस्ताव एकदा परत पाठवला. प्राण्यांची संख्या संख्याशास्त्राने सिद्ध करा, आणि मानवी ऑलिगो उंदराच्या जनुकाला जुळत नसेल तर हा प्रयोग काय सिद्ध करतो ते सांगा. दोन्ही प्रश्न रास्त होते. आमच्या तीनपैकी एकच ऑलिगो उंदरातही पूर्ण जुळतो. बाकीच्यांसाठी उंदराच्या सीक्वेन्सवर बेतलेला प्रतिनिधी वेगळा डिझाइन करून त्याची तीच सगळी छाननी करावी लागली. तुमच्या यादीत दोन्ही प्रजातींना जुळणारे उमेदवार असतील तर ते सुरुवातीलाच खूण करून ठेवा, पुढे खूप काम वाचतं. मेंदूत देण्याचा ऑलिगो एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) तपासलेला लागतो, मात्रा मिलिग्रॅममध्ये जाते, आणि पेशींवरच्या सगळ्या कामाला लागला नसेल इतका खर्च या एका ऑर्डरला येतो. अनुदानाचा अर्ज करतानाच ही रक्कम वेगळी मांडा.

प्रस्ताव आता मंजूर आहे. पहिला ऑलिगो आला असून तो गोठवून ठेवला आहे. दुसऱ्याची बॅच वस्तुमानाच्या तपासणीत आहे. तिचा अहवाल आला की डोस सुरू करण्याची तारीख ठरेल. प्रबंध झाला असला तरी या प्रयोगापर्यंत मी लॅबमध्येच आहे.